पैसे भरा, गारठा आणि घरी जा

अमेरिकेतल्या बास मासेमारीच्या स्पर्धांत जिंकणाऱ्याचं बक्षीस हरणारे भरतात. एवढं एक वाक्य नीट ध्यानात ठेवलं, तर या खेळात सध्या जी रणधुमाळी माजली आहे तिच्यातला निम्मा आवाज आपोआप बसतो. ‘लाइव्ह सोनारनं खेळाची वाट लावली’, ‘हल्लीची पोरं पाण्याकडे बघतच नाहीत, पडद्याकडे बघतात’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’. कुठल्याही तलावाच्या धक्क्यावर पहाटे पाच वाजता जा, हेच कीर्तन चालू असतं. कीर्तनकार साधारण पन्नाशीपुढचे. मागे टाळ धरणाऱ्यांत बरेच जण असे, की यंत्र परवडलं नाही तेव्हा त्यांना तत्त्व आठवलं. समोरच्या बाजूला विशीतली पोरं, ज्यांना बापानं कर्ज काढून बोट घेऊन दिली आहे. दोन्ही बाजूंना माझं एकच सांगणं आहे : भांडताय ते चुकीच्या माणसाशी. ज्याच्याशी भांडायला हवं, तो तुम्हा दोघांकडूनही फी घेऊन हीटर लावून बसलाय.

मी उत्तर अलाबामात, हंट्सव्हिलला नोकरी करतो आणि गंटर्सव्हिल तलावावरच्या हिवाळी स्पर्धांत उतरतो. मूळ मालवणकडचा असल्यामुळे गरवणं हा मला कधी छंद वाटला नाही. ते जेवणाआधीचं काम. इथे त्या कामाला गणवेश आहे, प्रायोजक आहेत, 250 अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि पुढे जेवण नाही. बास म्हणजे मुंबईच्या हॉटेलांत ‘सी बास’ म्हणून ताटात येतो तो जिताडा नव्हे. हा गोड्या पाण्यातला हिरवट, जबडेबाज शिकारी. दिवसभरात धरलेल्यांपैकी सगळ्यांत जड पाच मासे बोटीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, दुपारी वजन करायचं आणि परत सोडायचे. ज्याचं पाच माशांचं वजन जास्त, तो जिंकला. नियम इतका सोपा आहे, की त्याच्याभोवती एवढं मोठं दुकान उभं राहील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. पण राहिलं.

आधी थंड पाण्याबद्दल बोलतो, कारण या खेळाचा कस तिथेच लागतो आणि खोटेपणाही तिथेच उघडा पडतो.

बासचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, पाठलाग करायची त्याची तयारी संपते, आणि एकदा पोट भरलं की बराच काळ तोंड उघडायची त्याला गरज उरत नाही. त्याच वेळी त्याचं खाद्य मात्र संकटात असतं. थ्रेडफिन शॅड नावाचा एक चंदेरी, तारलीच्या दूरच्या नात्यातला मासा या तलावांत थव्यांनी असतो. त्याला थंडी मानवत नाही. पाणी 7 अंशांच्या खाली घसरू लागलं की तो कोलमडतो. पोहता पोहता थांबतो, कुशीवर कलतो, एक झटका मारतो, पुन्हा थांबतो. बासला आयतं जेवण मिळतं. हिवाळ्यात बास धरायचा म्हणजे या मरणाऱ्या शॅडची हुबेहूब नक्कल करायची.

नक्कल करायचं आमिष म्हणजे जर्कबेट : बोटभर-दीड बोट लांब, कडक, पातळ, दोन किंवा तीन तिहेरी गळ लावलेलं. ते तरंगता कामा नये आणि बुडताही कामा नये. जिथे थांबवलं तिथेच पाण्यात लटकून राहिलं पाहिजे. दुकानातून आणलेलं बहुधा तसं राहत नाही, कारण पाणी थंड झालं की त्याचा तोल बदलतो. मग बोटीच्या कडेला वाकून ते पाण्यात सोडायचं, नाक वर जातंय की शेपूट, ते बघायचं, पोटाला शिशाची नखाएवढी चिकटपट्टी लावायची, पुन्हा सोडायचं. पट्टी अर्ध्या सेंटीमीटरनं पुढे सरकवली की सगळं बदलतं. हे करताना बोटं उघडी ठेवावी लागतात आणि पाचव्या मिनिटाला ती आपली वाटेनाशी होतात. मग फेकायचं. दोन झटके, आणि थांबायचं. वीसपर्यंत आकडे मोजायचे, कधी तीसपर्यंत. उन्हाळ्यातला मासा आमिषावर धाड घालतो; हिवाळ्यातला नुसता ते तोंडात धरून ठेवतो. पुढचा झटका द्यायला जावं तर दोरा जड लागतो, बस्, एवढीच खूण. त्यात रॉडवरच्या कड्यांमध्ये पाणी गोठत राहतं. रॉडचं टोक तलावात बुडवून बर्फ विरघळवायचा. घाईनं बोटानं फोडायला गेलात तर कडीतली सिरॅमिकची चकती फुटते आणि दोरा कापायला लागते.

एवढा तपशील दिला, कारण या सगळ्यात पैशाला फारसं काम नव्हतं. वीस डॉलरचं आमिष, शिशाची पट्टी, थंडी सहन करणारी पाठ आणि डोक्यात तलावाचा नकाशा. 2015 साली बासमास्टर क्लासिक, म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा, फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनातल्या हार्टवेल तलावावर झाली. इतकी थंडी, की धक्क्यावरच्या बर्फामुळे बोटी पाण्यात सोडायला उशीर झाला. तिथे केसी अॅश्ली जिंकला तो वडिलांनी घरी बनवलेल्या आमिषावर. 2019 च्या फेब्रुवारीत रिक क्लन फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवर 72 व्या वर्षी जिंकला. आपल्या नातवंडांच्या वयाच्या पोरांना 72 वर्षांच्या माणसानं सर्वोच्च पातळीवर हरवावं, असे खेळ जगात किती आहेत? तेवढ्यासाठी तरी हा खेळ जपण्यासारखा होता.

आता लाइव्ह सोनार. साधं सोनार बोट ज्याच्यावरून गेली ते दाखवतं. लाइव्ह सोनार बोटीच्या पुढे आत्ता काय चाललंय ते दाखवतं. गार्मिननं 2018 मध्ये लाइव्हस्कोप आणलं. लोरन्स आणि हमिनबर्ड पाठोपाठ आलेच. पडद्यावर मासा दिसतो, आपलं आमिष दिसतं, मासा आमिषाकडे वळलेला दिसतो, हुंगून परत फिरलेला दिसतो. हिवाळ्यात पुष्कळसे मोठे बास किनारा सोडून खोल पाण्याच्या मधोमध शॅडच्या थव्याखाली लटकलेले असतात. पूर्वी त्यांच्या वाट्याला फारसं कुणी जात नसे, कारण अख्ख्या तलावात ते शोधायचे कुठे? आता शोधतात, एकेका माशाला गाठून आमिष दाखवतात, आणि जिंकतात. यालाही कौशल्य लागतं, हे मी मान्य करतो. माझ्याही बोटीवर ते यंत्र आहे आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत, तेव्हा मला कोल्ह्याच्या द्राक्षांचा दाखला देऊ नका.

पण कौशल्याआधी पैसा लागतो, आणि इथेच पाणी मुरतं. एक सेन्सर, त्याचा डबा, मोठा पडदा, हे सगळं दिवसभर चालवायला लिथियमच्या बॅटऱ्या : हजारो डॉलर हातोहात गेले. मग एक पडदा पुढे, एक मागे, दुसरा सेन्सर दुसऱ्या दिशेला. काही बोटींच्या नाकावर इतके पडदे लागले, की मासा दिसायचा पण समोरची बोट दिसायची नाही. आरडाओरडा झाला तेव्हा संघटना जाग्या झाल्या. बासमास्टरनं 2025 च्या हंगामासाठी नियम काढला : लाइव्ह सोनारचा सेन्सर एकच, आणि बोटीवरच्या सगळ्या पडद्यांची मापं मिळून 55 इंचांच्या आत. मेजर लीग फिशिंगनं आपल्या बास प्रो टूरवर दिवसाच्या तीन भागांपैकी एकाच भागात ते वापरायला परवानगी ठेवली. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगनं सरळ बंदी घातली. त्या एकट्यांना निदान ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आलं.

पंचावन्न इंच! खेळाच्या आत्म्याचं माप टेपनं घेतलंय. पंचावन्न इंचांपर्यंत तो शुद्ध, छप्पन्नाव्या इंचाला भ्रष्ट. दिवसाच्या एका भागात सोनार लावलं तर कला, दुसऱ्याही भागात लावलं तर पाप. हा हास्यास्पद नियम कुणी मूर्खानं केलेला नाही. पूर्ण हिशेबी माणसानं केलेला आहे. पूर्ण बंदी घातली तर यंत्र बनवणारा प्रायोजक रुसतो. पूर्ण मोकळीक दिली तर फी भरणारा म्हातारा रुसतो. म्हणून दोघांच्याही ताटात अर्धं-अर्धं वाढायचं आणि त्याला ‘समतोल’ म्हणायचं.

म्हाताऱ्यांनीही फार सोवळं मिरवू नये. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्सनं हौशी मासेमारांसाठी हिरव्या डब्यातलं पहिलं सोनार बाजारात आणलं. आज ज्यांना पडदा नकोसा झालाय, त्यांनी त्याच डब्याच्या जोरावर पाण्याखालचे उंचवटे शोधले, नावं कमावली आणि त्या डब्यांच्या जाहिराती केल्या. 2011 च्या ऑक्टोबरात पॉल इलायस गंटर्सव्हिलवर अलाबामा रिग वापरून जिंकला : छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पाच तारा, प्रत्येकीच्या टोकाला एक आमिष. पाण्यात अख्खा थवा चालल्यासारखा वाटतो. तेव्हाही हाच टाहो फुटला : ही मासेमारी नव्हे, ही फसवणूक. बासमास्टरच्या एलिट मालिकेत त्यावर बंदी आली. दुकानांत मात्र ती इतकी खपली, की मिळता मिळत नव्हती. म्हणजे व्यासपीठावरून निषेध आणि मागच्या दारानं विक्री. या खेळात ही पद्धत नवी नाही. ज्याला आपण ‘खेळाचा ऱ्हास’ म्हणतो तो दर दहा-बारा वर्षांनी येतो, प्रत्येक वेळी त्याच्यावर किमतीची चिठ्ठी असते, आणि ऱ्हासाविरुद्ध भाषण करणाऱ्याच्या शर्टावर पुढच्या ऱ्हासाचा लोगो असतो.

मुळाशी जायचं तर 1967 सालापाशी जावं लागतं. अलाबामातल्या माँटगोमेरीचा रे स्कॉट हा विमा एजंट. त्यानं आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर स्पर्धा भरवली. 106 जणांनी प्रत्येकी 100 डॉलर भरून भाग घेतला. पुढे त्यानं बासमास्टर चालवणारी संघटना काढली, मासिक काढलं, सभासद गोळा केले. 1972 पासून मासे न मारता सोडून द्यायची चळवळ चालवली, आणि हे त्याचं खरंच मोठं काम. त्याबद्दल त्याला माझा नमस्कार. पण विमा एजंटाला एक गोष्ट पक्की माहीत असते : हप्ता सगळ्यांकडून घ्यायचा, दावा एखाद्यालाच द्यायचा. खेळाचा पाया त्याच हिशेबावर घातला गेला आणि नंतर तो हिशेब कुणी बदललाच नाही.

हा हिशेब मला सगळ्यांत नीट समजावून सांगितला तो आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला भेटलेल्या एका काकूंनी. ठाण्याहून मुलाकडे आलेल्या, उभा जन्म बँकेत काढलेल्या. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाल्या, “काय रे, एवढ्या थंडीत पहाटे उठून जातोस म्हणे. आणतोस काय?”

“काही नाही, काकू. वजन करायचं आणि सोडून द्यायचं.”

“सोडून?” त्यांनी माझ्याकडे बघितलं ते बघणं मालवणच्या कुठल्याही बाईला शोभलं असतं. “मग पैसे तरी मिळतात का?”

मी सांगितलं. समजा शंभर बोटी आल्या. प्रत्येकीनं दोनशे डॉलर भरले. आयोजक आपला वाटा काढून घेतो, उरलेल्याचं बक्षीस होतं. पाचांत एका बोटीला काहीतरी मिळतं, पहिल्या दोघा-तिघांना त्यातलं बरंचसं.

“म्हणजे भिशी,” काकू म्हणाल्या. “पण भिशीत आज ना उद्या पाळी येते रे सगळ्यांची. तुमच्यात येते का?”

“नाही. साधारण तेच तेच जिंकतात.”

“आणि भिशी चालवणारा? तो मासे धरतो?”

“नाही.”

“तोच एकटा हुशार दिसतोय,” असं म्हणून त्या पुढच्याला तिळगूळ द्यायला गेल्या.

मासिकांनी, वाहिन्यांनी आणि तज्ज्ञांनी जे कधी छापलं नाही ते बँकेतल्या काकूंनी चार प्रश्नांत काढलं. आणि हे फक्त आमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या हौश्यांचं नाही. वरच्या पातळीवर जा. एलिट मालिकेत वर्षभर खेळायची फी 40 हजार डॉलरच्या पुढे जाते. त्यावर ट्रक, डिझेल, मुक्काम, आणि नवीकोरी बास बोट, जिची किंमत आता सहज 80 हजारांपासून लाखाच्या वर पोचते. क्लासिक जिंकणाऱ्याला 3 लाख डॉलर मिळतात, आणि जाहिरातीत तेवढाच आकडा झळकतो. सत्तराव्या क्रमांकाच्या माणसाचा वर्षाचा हिशेब कुणी पोस्टरवर छापत नाही. बेसबॉलच्या खेळाडूला मैदानात उतरायला पगार मिळतो. आमच्या ‘व्यावसायिक’ खेळाडूला मैदानात उतरायला पावती फाडावी लागते. जिथे खेळाडूच तिकीट काढतो, तिथे त्याला व्यावसायिक म्हणायचं की गिऱ्हाईक?

गिऱ्हाईकच. त्याचा पुरावा ‘प्रो-स्टाफ’ नावाच्या थोर पदवीत आहे. कंपनी तुम्हाला आपल्या ‘प्रो-स्टाफ’मध्ये घेते. घरात आनंदीआनंद, फेसबुकवर घोषणा, आईवडिलांचे आभार. करार वाचलात तर त्यात काय असतं? बहुतेकदा खरेदीवर सवलत. म्हणजे तुम्ही त्यांचा माल विकत घ्यायचा, शर्टावर त्यांचं नाव शिवायचं, ट्रकवर चिकटवायचं, दर आठवड्याला त्यांच्या मालाचं कौतुक करायचं; मोबदला म्हणून त्याच मालाचं पुढचं बिल थोडं कमी. शाळा-कॉलेजांतही आता बासचे संघ आहेत आणि सोळा वर्षांची पोरं हे असलं ‘प्रायोजकत्व’ मिळावं म्हणून अर्ज लिहितात. क्लासिकचं वजन भरगच्च सभागृहात, दिव्यांच्या झगमगाटात होतं. त्याला जोडून प्रचंड प्रदर्शन भरतं, तिथे बोटीपासून गळापर्यंत सगळं मांडलेलं असतं. लोकांना वाटतं, स्पर्धेला जोडून प्रदर्शन आहे. जरा उलटं वाचा. प्रदर्शनाला जोडून स्पर्धा आहे.

पैसे हरणाऱ्यांचे असले की पुढचे सगळे निर्णय त्याच पैशाच्या तालावर होतात. थंडीतली सुरक्षितता घ्या. पहाटे बोटी एकामागून एक सुटतात, ताशी 110 किलोमीटरच्या वेगानं, शून्याखालच्या हवेत. एखादा ओंडका लागला आणि माणूस बाहेर फेकला गेला, तर 6 अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. दहाएक मिनिटांत हातांतलं बळ जातं, मग जवळ आलेल्या बोटीची कडाही धरता येत नाही. म्हणूनच 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटींवर चालकानं इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं केंद्रीय कायद्यानं सक्तीचं झालं. मोठ्या स्पर्धांत निदान कॅमेरे असतात, म्हणून त्या थांबतात. खाली काय होतं? एका हिवाळी स्पर्धेच्या आदल्या रात्री हवामान खात्यानं जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला होता. आम्ही काहींनी विचारलं, पुढे ढकलता का? उत्तर आलं : “येणं न येणं तुमच्या हातात आहे. फी परत मिळणार नाही.” भरलेल्या पैशाची चिंता माणसाला अशा लाटांत ढकलते, जिथे नुसत्या माशासाठी तो कधी गेला नसता. त्या दिवशी एकाची बोट अर्धी भरली, माणूस वाचला. आयोजकानं संध्याकाळी त्याच्या ‘जिद्दी’चं माइकवरून कौतुक केलं.

माशांचीही तीच तऱ्हा. मासे जिवंत सोडणं हा या खेळाचा अभिमानाचा दागिना. तर मग ऐका : जिवंत सोडलेले मासे खरोखर जगण्याची शक्यता थंड पाण्यात जास्त आणि कडक उन्हाळ्यात कमी, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि टाकीत दिवसभर गुदमरलेला मासा सोडल्यावर दोन-चार दिवसांनी मरतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी जुलै-ऑगस्टच्या स्पर्धा चालूच, कारण तेव्हा लोकांना सुट्ट्या असतात आणि फी जास्त जमते. आणि हिवाळ्यात, सोनारवर बघून तीस-चाळीस फुटांवरून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते; तो उताणा तरंगतो; मग सुई खुपसून हवा काढायची. वजनाच्या वेळी मासा मेलेला निघाला तर दंड किती? बासमास्टरच्या नियमात प्रत्येक माशामागे 4 औंस. जिवाची किंमत सव्वाशे ग्रॅमहून कमी. त्यापेक्षा जॉर्ज पेरी प्रामाणिक म्हणायचा. 1932 साली जॉर्जियात त्यानं 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ बास धरला. जपानच्या बिवा तलावावर 2009 मध्ये त्याची बरोबरी झाली, पण तो विक्रमाचा आकडा अजून टिकून आहे. पेरीनं तो मासा घरी नेला आणि कुटुंबानं खाल्ला. आमच्या काकूंनी त्याला दोन तिळगूळ जास्त दिले असते.

आणि जिथे बक्षिसाचा सगळा पैसा हरणाऱ्यांच्या खिशातला, तिथे फसवणुकीची हाव अटळ. 2022 च्या सप्टेंबरात क्लीव्हलंडला, लेक एरीवरच्या वॉलाय माशांच्या स्पर्धेत, जिंकलेल्या जोडीचे मासे आयोजकानं सगळ्यांसमोर चिरले आणि पोटांतून शिशाचे गोळे निघाले. दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, दहा-दहा दिवस तुरुंगात गेले, बोट जप्त झाली. ती बासची स्पर्धा नव्हती, पण गोळे घालायचा विचार कुठून येतो ते समजायला मासा ओळखावा लागत नाही. यावर उपाय काय, तर जिंकणाऱ्याची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी. आधी माणसाला जुगारात बसवायचं, मग तो जुगारी निघाला म्हणून तारा लावून तपासायचा.

‘मग करायचं काय?’ असं विचारणाऱ्यांना इतिहासातच उत्तर आहे, आणि ते खुद्द रे स्कॉटनं दिलेलं आहे. 1971 साली पहिलं क्लासिक झालं तेव्हा 24 स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठे चाललोय ते वर गेल्यावर सांगितलं : नेवाडातलं लेक मीड. सरावाच्या नावाखाली आठवडाभर तळ ठोकून राहण्याची कुणालाही सोय नव्हती. बोटी सगळ्यांना सारख्या. सोबत न्यायच्या आमिषांवर प्रत्येकी 10 पौंडांची मर्यादा. बॉबी मरे जिंकला आणि 10 हजार डॉलर घेऊन गेला. ज्या विमा एजंटाला मी आत्ता चार शब्द सुनावले, त्याला तेव्हा समजलं होतं की कोण मोठा मासेमार हे ठरवायचं तर आधी पाकिटं बाजूला ठेवावी लागतात.

तेवढंच करा. सगळ्यांना एकसारखी बोट, एकच साधं सोनार, वजनाच्या मर्यादेतली आमिषं, आणि जागा ऐन वेळी सांगायची. फेब्रुवारीत घ्या, पाणी 6 अंशांवर असताना. बोटी प्रायोजकांनी पुरवाव्यात. नाहीतरी जाहिरात त्यांचीच होते. बक्षीसही त्यांनीच द्यावं. स्पर्धकाकडून एक डॉलर घेऊ नका. मग लाइव्ह सोनार हवं की नको या वादात कुणाला रस उरणार नाही, कारण ते असलं तर सगळ्यांकडे असेल आणि नसलं तर कुणाकडेच नसेल. हे कठीण नाही. फक्त त्यात कुणाला काही विकता येत नाही, म्हणून ते होणार नाही.

होईपर्यंत मी एकही प्रवेश फी भरणार नाही. अलाबामा राज्याचा मासेमारीचा परवाना काढीन. गळ आणि रॉडवर 1950 च्या कायद्यानं जो कर लागतो तोही आनंदानं भरीन, कारण तो पैसा राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे जातो आणि त्यातून तलावांत मासे राहतात. त्या पैशातून मासे वाढतात. प्रवेश फीतून फक्त आयोजक वाढतात, आणि ते तलावात सोडण्याच्या लायकीचे नसतात.